विडीच्या कट्ट्यावरील कागद

भंडारा जिल्ह्यांतील विडीधंद्याविषयीं बोलतांना तेंदूपान व तंबाखू यांचीच चर्चा होते. खळ लावून हातानें चिकटविलेल्या इवल्याशा कागदाची कोणी करीत नाहीं. (१९९९ पर्यंत गोंदिया याच जिल्ह्यांत होतें, हें ध्यानांत असावें.) वस्तुतः एका कारखान्याची विडी दुसऱ्यासारखीच दिसावयाची. निरक्षर गिऱ्हाईक ओळखी तें कागदावरील चित्र. तेव्हां छाप हीच कारखानदाराची खरी मालमत्ता! १९४० च्या कायद्यानें अशा व्यापारचिन्हांना नोंदणीचें संरक्षण मिळालें. विडी वळणाऱ्या व वेष्टनें लावणाऱ्या हातांसाठीं साऱ्या देशाचा स्वतंत्र कायदा व्हावयास मात्र १९६६ साल उजाडलें. त्यानें घरीं विड्या वळणाऱ्या बायकांनाहि कामगार मानलें. मे २००९ अखेरपासून त्याच वेष्टनावर, आकर्षक छापाशेजारीं, तंबाखूच्या धोक्याची सचित्र सूचना छापणें सक्तीचें झालें.