पांढऱ्या लेपाचा हिशेब

लालबागच्या एका गिरणीत वडील बॉयलर खात्यात होते. वाफेच्या पाइपांवरचा पांढरा लेप उकलला की ते घमेल्यात नवा कालवायचे आणि हातानंच थापायचे. त्या लेपात अ‍ॅस्बेस्टॉस असे. घरी आल्यावर आई त्यांचा सदरा गॅलरीत झटकायची. आम्ही मुलं तिथंच खेळत असू.

या धुळीचा धोका तेव्हा नवा नव्हता. इंग्लंडात रॉचडेलच्या कारखान्यातली नेली केरशॉ 1924 साली, वयाच्या 33 व्या वर्षी अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीनं गेली. 1931 मध्ये तिकडे धुळीचे नियम झाले, पण ते मुख्यतः माल बनवणाऱ्या कारखान्यांपुरते. लेप थापणारे आणि पुढे तो तोडणारे बहुतेक बाहेरच राहिले.

1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडली, मग पाडली गेली. लेप घणानं फोडून, कोरड्या झाडूनं लोटलेला मी पाहिलाय. तोवर मी हवेतली धूळ तपासायच्या कामात होतो, म्हणून ते बघवत नव्हतं. हवा मोजा, एवढंच म्हणालो. कुणी मोजली नाही.

मोजता येते. पंपानं हवा गाळणीच्या चकतीतून ओढायची, चकती अ‍ॅसिटोनच्या वाफेनं पारदर्शक करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजायचे: लांबी 5 मायक्रॉनहून जास्त, जाडी 3 हून कमी. गिरणीत कापूसही उडतो, पण कापसाचा तंतू चपटा, पीळ पडलेला, 10 ते 20 मायक्रॉन रुंद. नजर बसली की चूक होत नाही. चूक होते ती वेगळीच. तोडफोडीनंतर चार दिवसांनी, बंद खोलीत पंप लावतात. धूळ तोवर खाली बसलेली असते आणि हवा स्वच्छ निघते. म्हणून साफसफाई झाल्यावर, बंदिस्त जागेत, मास्क लावलेल्या माणसानं बसलेली धूळ मुद्दाम उठवून नमुना घ्यायचा असतो.

सर्वोच्च न्यायालयानं 1995 साली अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षं ठेवायला सांगितलं. रोग इतक्या उशिरा उमटतो. पाडकामावरचा रोजंदारीचा मजूर मात्र कुठल्या वहीत असतो?

तुमची चाळ पुनर्विकासाला निघाली असेल, तर पहिला घण पडण्याआधी सिमेंटचे पत्रे आणि जुने पाइप यांत अ‍ॅस्बेस्टॉस आहे का, ते तपासून घ्या. फुटलंच असेल, तर झाडू लावू नका. पाणी शिंपडा, मुलांना लांब न्या आणि जाणकाराला बोलवा.