तीर्थ आणि पाणी

पूजेच्या अंती पळीतून तळहातावर पडणारे तीर्थ आणि त्याच सकाळी देवळाच्या विहिरीतून शेंदलेले पाणी यांत भेद कोणता? प्रश्न जुना आहे आणि त्याचे उत्तर श्रद्धाळू व चिकित्सक हे दोघेही आपापल्या परीने घाईने देतात. एकाच्या मते तीर्थाला कोणताही दोष बाधत नाही. दुसऱ्याच्या मते तीर्थ म्हणजे पाण्याला दिलेले नुसते नाव. इतिहासाचा दाखला मात्र या दोघांनाही क्षणभर थांबवून विचार करावयास लावणारा आहे.

प्रथम पूजाविधीच पाहावा. कलशपूजनात गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू व कावेरी या सात नद्यांचे आवाहन केले जाते. पाणी घरच्या विहिरीचे, आवाहन मात्र सप्तनद्यांचे. विधी घालून देणाऱ्यांनी दूरच्या नदीचे पाणी प्रत्यक्ष आणण्याची अट घातली नाही. शुद्ध पाणी संकल्पाने तीर्थपदाला पोहोचते, असेच त्यांनी मानले.

असे असूनही गंगोदकाचे आकर्षण धर्माच्या सीमा ओलांडून गेले. महंमद तुघलक दौलताबादेस असताना त्याच्यासाठी गंगेचे पाणी चाळीस दिवसांच्या वाटेवरून आणले जात असे, असे इब्न बतूता लिहितो. अकबर बादशहा घरी व प्रवासातही गंगाजलच पीत असे. तो आग्र्यास किंवा फत्तेपुरास असला म्हणजे सोरोंहून, पंजाबात असला म्हणजे हरिद्वाराहून मोहोरबंद घागरी येत, ही नोंद ‘आईन-इ-अकबरी’त आहे. जयपूरचे महाराज दुसरे माधोसिंह इ. स. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेस निघाले, तेव्हा त्यांनी प्रचंड रौप्यकुंभ भरून गंगाजल सोबत नेले. सुमारे ३४५ किलोग्रॅम वजनाचे हे कुंभ जयपूरच्या राजवाड्यात पाहावयास मिळतात.

परंतु याच गंगेचा दुसराही अनुभव नमूद आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये १६६५ च्या अखेरीस प्रयागच्या बाजूस गेला असता त्याने व त्याच्या सोबत्यांनी मद्यात गंगेचे पाणी मिसळून घेतले. त्यांच्या पोटात बिघाड झाला, आणि नुसते पाणी प्यालेल्या नोकरांना तर त्याहून अधिक त्रास झाला.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न प्रयोगशाळेत गेला. आग्र्याचे सरकारी रसायनतज्ज्ञ हँकिन यांनी १८९६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गंगा व यमुना यांच्या न उकळलेल्या पाण्यात पटकीचे जंतू काही तासांतच मरत, पाणी उकळले की हा गुण नाहीसा होई, असे त्यांना आढळले. पुढे १९१७ मध्ये द’एरेल यांनी जंतूंना खाऊन टाकणाऱ्या अतिसूक्ष्म विषाणूंना ‘बॅक्टेरिओफाज’ हे नाव दिले, आणि हँकिन यांच्या निरीक्षणाचा संबंध या विषाणूंशी जोडला जाऊ लागला. ही गोष्ट श्रद्धाळूंना मोठी सुखावणारी वाटली. तथापि असे विषाणू एका गंगेतच नव्हे, तर जेथे जेथे त्यांचे भक्ष्य असलेले जंतू आहेत तेथे तेथे, गटाराच्या पाण्यातसुद्धा, सापडतात. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातील अनेक रोगजंतू मरतात, हेही प्रयोगांनी दिसून आले आहे. परंतु तो गुण धातूचा, मंत्राचा नव्हे.

आणि या गुणावर विसंबून राहण्याचे फळ काय होते, हे १८६७ च्या हरिद्वार कुंभाने दाखविले. लाखो यात्रेकरूंनी एकाच प्रवाहात स्नान केले, तेच पाणी प्राशन केले, आणि परतीच्या वाटेवर पटकी उत्तर हिंदुस्थानभर पसरली. अगदी अलीकडे, २०२५ च्या प्रयागराज कुंभाच्या वेळीही, संगमाच्या परिसरातील पाण्यात मलजन्य जंतूंचे प्रमाण स्नानासाठी ठरविलेल्या मर्यादेहून अधिक आढळल्याचे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हरित न्यायाधिकरणास कळविले.

गोव्याला ही कहाणी परकी नाही. १५४३ मध्ये गोवा शहरात उद्भवलेल्या भयंकर साथीचे वर्णन गास्पार कोर्रेया याने केले आहे, आणि गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात या रोगाची चर्चा आहे. दोघांनीही रोगाला दिलेले नाव आपल्या ‘मोडशी’ शब्दाचेच पोर्तुगीज रूप होय. त्या शहराच्या प्रत्येक चर्चच्या दाराशी मंतरलेल्या पाण्याचे पात्र होते. तरीही साथींनी शहर ओस पाडले. व्हाइसरॉयांनी १६९५ मध्ये पणेली व १७५९ मध्ये पणजी गाठली, आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. रोगाने हिंदूंचे तीर्थ व ख्रिस्त्यांचे पवित्र पाणी यांत भेद केला नाही.

याच सोळाव्या शतकात आपल्या पूर्वजांवर प्रसंग ओढवला. सासष्टीतील देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा व वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते जुवारीपलीकडे अंत्रुज महालात आणली गेली. तो मुलूख तेव्हा आदिलशाहीकडे होता. देव होडीतून आणता आले. मूळ स्थळाचे पाणी आणता आले नाही. प्रियोळ, कवळे व म्हार्दोळ येथील पाण्यानेच अभिषेक होऊ लागला, आणि त्या तीर्थाला कोणी उणे मानले नाही. पावित्र्य झऱ्यात असते तर ते मागे राहिले असते. ते सेवेत होते म्हणून देवाबरोबर आले.

मात्र पावित्र्याच्या कल्पनेची एक काळी बाजूही आहे, आणि महाजनांच्या ग्रंथात ती झाकून ठेवणे उचित नव्हे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, पण अस्पृश्य म्हटलेल्या माणसांना ते वर्ज्य होते. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला आणि महाडच्या नगरपालिकेनेही त्यास अनुसरून तळे खुले केले. तरी रूढी हटली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधी अनुयायांसह तळ्यावर गेले व त्यांनी पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातनी मंडळींनी शेण, गोमूत्र, दूध व दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते ‘शुद्ध’ करून घेतले. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटले नव्हते. बिघडले असेल तर ते या शुद्धीने. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. आपल्याकडे सांगितली जाणारी एकनाथांची कथा हेच सांगते. रामेश्वरासाठी आणलेली कावड नाथांनी तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिती केली, आणि ते पाणी देवाला पोहोचले असे मानले.

या सर्वांचा निष्कर्ष सरळ आहे. पदार्थ म्हणून तीर्थ व पाणी एकच. तुळस, चंदन किंवा मीठ जे त्यात घालावे तेवढाच फरक. आणि रोगजंतू मंत्र जाणत नाहीत. भेद आहे तो माणसाच्या वर्तनात. ज्या पाण्याला तीर्थ म्हटले, त्याच्याशी अधिक काळजीने वागण्याचे बंधन माणूस स्वतःवर घालून घेतो. पाण्यात मलमूत्र वा थुंकी टाकू नये, असा निषेध मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे तो याच अर्थाने. म्हणून देवळाच्या तळीत साबणाचा फेस, निर्माल्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या व गटाराचा निचरा येत असेल, तर तेथे स्वच्छतेबरोबर तीर्थत्वही उणावते. तळीचा गाळ वेळेवर काढणे, तीर्थासाठी घ्यावयाचे पाणी तपासून घेणे आणि ते येणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर सारख्याच आदराने घालणे, ही महाजनांची पूजाच होय. पूर्वजांनी देव वाहून आणले. पाणी राखण्याचे काम त्यांनी आपल्यावर सोपविले आहे.