तिसऱ्या दाराचा इतिहास

मंडळी, इतिहास म्हटलं की तह आणि लढायाच आठवतात. मीही वर्गात तेच शिकवत आलो. पण एखाद्या शब्दालाही इतिहास असतो. आजचा शब्द 'प्रोटेक्टेड'. (भाच्याच्या कपाटातली पुस्तकं चाळण्याची खोड, दुसरं काय!)

सी प्लस प्लस ही संगणकभाषा बियार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ पासून बेल लॅब्जमध्ये घडवली. तिच्यातला 'क्लास' म्हणजे एक घरच समजा. ओसरी सगळ्यांना खुली, ती 'पब्लिक'. आतली खोली 'प्रायव्हेट'; तिथे त्या क्लासपासून जन्मलेल्या वारस-क्लासलाही मज्जाव. 'फ्रेंड' अशी एक सवलत होती, पण ती घरमालकानं नावानिशी द्यायची.

१९८५ साली पहिली आवृत्ती आली. त्यानंतर लवकरच स्टॅनफर्डचे मार्क लिंटन स्ट्राउस्ट्रुपना भेटले. 'इंटरव्ह्यूज' हा पडद्यावरच्या खिडक्या-बटणांचा संच ते बांधत होते. वारसांना आतली माहिती थेट हाताळता आली नाही, तर संच वेगवान आणि वाढवण्याजोगा होणार नाही, असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्ष कामातले दाखले होते, मागणी मान्य झाली. वारसांना खुलं, परक्यांना बंद असं तिसरं दार आलं.

गंमत पुढेच आहे. सुमारे पाच वर्षांनी याच लिंटननी इंटरव्ह्यूजमध्ये प्रोटेक्टेड माहिती ठेवायला बंदी केली! कारण तीच चुकांचं मूळ ठरू लागली होती.

असं का व्हावं? घरातली मुलं आपल्याला मोजता येतात. मुक्त संहितेचं तसं नाही. जगातला कुणीही, न विचारता, वारस होऊ शकतो. (वाचायला तर सगळंच उघडं असतं, प्रश्न कशावर विसंबायचं एवढाच.) प्रायव्हेट गोष्ट मूळ लेखक उद्या निर्धास्त बदलू शकतो. प्रोटेक्टेड बदलली, तर कुठल्या अनोळखी माणसाचा प्रोग्रॅम मोडेल, सांगता येत नाही. म्हणजे ते दार जवळजवळ ओसरीचंच झालं की!

उलट सगळंच कुलुपात ठेवलं, तर गरजू माणूस अख्खी संहिता उचलून वेगळी चूल मांडतो. तेही बरं नव्हे. म्हणून मला स्ट्राउस्ट्रुप यांचाच तोडगा पटतो : माहिती प्रायव्हेट, आणि वारसांच्या सोयीची कामं तेवढी प्रोटेक्टेड. किल्ली न देता हवी ती वस्तू आतून काढून देणं, आमच्या आजीची हीच रीत होती.

१९९५ साली जावा आली. तिनं हा शब्द तर उचललाच, शिवाय त्या दारातून एकाच 'पॅकेज'मधल्या शेजाऱ्यांनाही आत घेतलं.