पुरंदरची न निघालेली पेढी

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पेढीवरच्या चोपडीला गंधफूल वाहतात. त्या चोपडीत ज्यांची नावे असत, त्यांच्या घरचा इतिहास आमच्या पुणे जिल्ह्याला फार जवळचा आहे.

१२ मे १८७५ रोजी, बाजारच्या दिवशी, सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि हाती लागलेली खते जाळली. सरकारने १८७९ साली कायदा करून कोर्टांना कर्जाचा मुळापासून हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. पण खत जळले तरी मृगाला बियाणे हवेच! त्यासाठी पैसा देणार कोण?

न्यायमूर्ती रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. पुरंदर तालुक्यात शेतकी पेढी काढावी, जुनी कर्जे तडजोडीने मिटवावीत आणि पुढे माफक व्याजाने पैसा द्यावा, अशी ती योजना. हिंदुस्थान सरकार तिला अनुकूल होते. विलायतेतल्या भारतमंत्र्यांनी ती नाकारली. पेढी कागदावरच राहिली.

पुढे १९०४ च्या कायद्याने एका गावातल्या दहा माणसांना पतपेढी काढण्याची मुभा मिळाली. एकाने बुडवले तर साऱ्यांनी भरायचे, हा तिचा कणा. म्हणजे तारण शेजाऱ्याच्या शब्दाचे!

मावळात मात्र कागदच भारी ठरला. १९२१ साली मुळशीच्या धरणाविरुद्ध मावळे सत्याग्रहास उभे राहिले, तेव्हा ते कसत असलेल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. घाम मावळ्याचा, मोबदल्यावर हक्क खातेदाराचा.

स्वराज्यानंतर, १९५१-५२ साली, गोरवाला समितीने देशभर पाहणी केली. शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जात सहकारी संस्थांचे जेमतेम तीन, सावकारांचे सुमारे सत्तर! संस्थाही जमिनीचेच तारण पाहत होत्या. कर्ज येणाऱ्या पिकाच्या भरवशावर द्या, असे समितीने सुचवले.

ज्या मुळेवर ते धरण, तिच्याच काठी खाली आमचे महाळुंगे. २०२१ साली ते पुणे महापालिकेत गेले. इथे आता बँकेसाठी पायपीट नाही. पण ज्याच्या नावावर सातबारा नाही, अशा कुळाला किंवा बाईमाणसाला कर्ज मागताना आजही अवघडच जाते. म्हणून १९९२ साली नाबार्डने पाचशे बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभला, त्याचे मोल मोठे. तिथे तारण पुन्हा शेजारणीच्या शब्दाचे आहे. यंदा लक्ष्मीपूजनाला गटाच्या त्या साध्या वहीलाही गंध लावावे.