बेलडोंगरीचा फॉर्म्युला

नागपूरहून रामटेकला जाताना मनसर लागतं. गडमंदिर बघायचं, अंबाळ्याला एक चक्कर मारायची आणि अंधाराच्या आत घरी, हा आपला रविवारचा ठरलेला कार्यक्रम. मनसर-कांद्रीला मँगनीजच्या खाणी आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, पण गाडी थांबवून तिकडे कुणी बघत नाही. मीही कधी बघितलं नव्हतं. मग कळलं की याच जिल्ह्यातल्या बेलडोंगरी या गावाच्या नावाचं एक खनिज होतं, बेलडोंगराइट. 'होतं' म्हणतोय, 'आहे' नाही. आजची गोष्ट त्याचीच.

लुईस ली फर्मॉर हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला तरुण अधिकारी. पोलाद बनवायला मँगनीज लागतं, आणि तेव्हा मध्य प्रांतातलं मँगनीज बोटी भरभरून परदेशी जात होतं. फर्मॉरने खाणी पालथ्या घातल्या आणि १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर हजाराहून जास्त पानांचा ग्रंथ काढला. त्यात त्याने बरीच नवी खनिजं नोंदवली. बेलडोंगराइट त्यातलंच एक.

आता नवीन खनिज म्हणायचं तर त्याचं सूत्र हवं. आणि इथे आपला शाळेतला जुना शत्रू येतो, मोल!

खरं तर मोल म्हणजे फार साधी युक्ती आहे. एका नाण्याचं वजन माहीत असेल तर थैली तोलून नाणी किती ते सांगता येतं. अणूंचंही तेच. मँगनीजचा अणुभार ५४.९४, ऑक्सिजनचा १६. पायरोल्युसाइट नावाच्या खनिजाच्या १०० ग्रॅममध्ये मँगनीज ६३.२ ग्रॅम आणि ऑक्सिजन ३६.८ ग्रॅम निघतो. भागा: ६३.२ भागिले ५४.९४ म्हणजे १.१५ मोल, ३६.८ भागिले १६ म्हणजे २.३० मोल. प्रमाण एकास दोन. झालं सूत्र!

आता ब्राउनाइट घ्या. हे आपल्या नागपूर-बालाघाटकडचं महत्त्वाचं मँगनीज खनिज. त्यात मँगनीज ६३.६ टक्के. म्हणजे टक्केवारीत दोघं जवळपास सारखेच. पण मोल काढले की मँगनीज, सिलिकॉन, ऑक्सिजनचं प्रमाण येतं ७ : १ : १२. हा सिलिकॉन सिलिकाच्या हिशोबात धरला तर वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भरतो, आणि सिलिका जास्त म्हणजे भट्टीत मळी जास्त. टक्केवारीत जुळे वाटणारे दोन दगड मोलच्या हिशोबात पार वेगळे निघतात.

फर्मॉरच्या काळात खनिजांची सूत्रं अशीच काढत. बेलडोंगराइटचं सूत्र आलं: मँगनीज ऑक्साइडचे सहा, लोह ऑक्साइडचा एक, पाण्याचे आठ. पूर्णांक आले की आपल्याला वाटतं, गणित सुटलं.

पण मंडळी, गंमत पुढेच आहे. वरचेच दोन दगड सारख्या वजनाने एकत्र कुटा आणि त्या भुकटीचे मोल काढा. मी करून बघितलं (कागदावर!). प्रमाण आलं जवळजवळ १४ : १ : २६. काय सुंदर सूत्र आहे! फक्त असं खनिज जगात कुठेच नाही. मोलचं गणित गुणोत्तर सांगतं, पण हातातला दगड एकच पदार्थ आहे की खिचडी, हे सांगत नाही. तेवढं आपण आधीच गृहीत धरलेलं असतं.

क्ष-किरणांनी स्फटिकाची आतली रचना बघता येते हे १९१२ मध्ये कळलं, म्हणजे ग्रंथ छापून झाल्यावर तीन वर्षांनी. मग एकेक खातं पुन्हा तपासलं गेलं. बेलडोंगरीलाच सापडलेलं व्रेडेनबर्गाइट हे दोन खनिजांचं एकमेकांत गुंतलेलं मिश्रण निघालं. छिंदवाड्याच्या सीतापारवरून नाव दिलेलं सीतापाराइट म्हणजे १८९७ मध्येच अमेरिकेत नोंदलेलं बिक्सबाइट ठरलं. बेलडोंगराइट सिलोमेलेनच्या खात्यात गेलं, आणि पुढे सिलोमेलेन हेच एका खनिजाचं नाव न राहता कठीण मँगनीज ऑक्साइडांच्या मिश्रणांचं ढोबळ नाव झालं. गाव नकाशावर आहे, खनिजांच्या यादीत नाही.

फर्मॉर चुकला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याच्या भागाकारात खोट नव्हती. आम्ही प्रोग्रामवाले रोज हेच करतो: हिशोब शंभरदा तपासतो, पण आत येणारा डेटा एकाच जातीचा आहे का, हे विचारायचं राहून जातं. उत्तर नीटनेटकं आलं तर हमखास राहून जातं.

असो. नागपूरकरांनी अगदीच वाईट वाटून घेऊ नये. फर्मॉरने क्वार्ट्झ आणि मँगनीजयुक्त गार्नेटच्या खडकाला आपल्या गोंड लोकांवरून 'गोंडाइट' नाव दिलं होतं. ते आजही भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात आहे. कारण गोंडाइट हा खडक आहे, आणि खडक मिश्रणच असतो. त्याला एकच सूत्र आहे असा दावा कुणी केलाच नव्हता.

पुढच्या वेळी रामटेकला जाताना मनसरला जरा गाडी थांबवा. काळा दगड दिसला तर हातात घेऊन बघा. वजनाला चांगलाच भारी लागतो.