ऐकणाऱ्यांचा उपग्रह

वर्गात मी दिवसातून दहा वेळा तरी 'ऐका' म्हणतो. उर्दूच्या तासाला 'सुनो', मराठीच्या तासाला 'ऐका'. खरं सांगायचं तर दोन्हींचा अर्थ 'गप्प बसा' एवढाच असतो, आणि मुलांनाही तो पक्का ठाऊक आहे. इतकी वर्षं शिकवल्यावर या शब्दाकडे मला नव्याने पाहायला लावलं ते एका उपग्रहाने.

दरवर्षी ४ ते १० ऑक्टोबर हा जागतिक अंतराळ सप्ताह असतो. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञानाचे सर त्यासाठी भित्तिपत्रक करतात आणि मजकूर दोन्ही भाषांत लिहून द्यायचं काम माझ्याकडे येतं. मागच्या खेपेला त्यांनी ६ ऑक्टोबरची नोंद दिली : १९८१ साली या दिवशी इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाचा 'युओसॅट-१' हा शैक्षणिक उपग्रह अवकाशात गेला. काम चार ओळींचं होतं. मी त्यात महिनाभर गुंतून पडलो.

कारण ही गोष्ट १९८१च्या वीस वर्षं आधी सुरू होते. १२ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिकेतल्या हौशी रेडिओचालकांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, स्वतः बनवलेला 'ऑस्कर-१' एका लष्करी उपग्रहासोबत कॅलिफोर्नियातून वर गेला. वजन जेमतेम साडेचार किलो. सौरपट्ट्या नाहीत, फक्त एक बॅटरी. तो एकच काम करायचा : मोर्सच्या भाषेत चार टिंबं आणि दोन टिंबं, म्हणजे 'हाय', पुन्हा पुन्हा पाठवायचा. पण त्या 'हाय'ची गती उपग्रहाच्या आतल्या तापमानाप्रमाणे बदलत असे. घड्याळ लावून ती गती मोजली, की शेकडो किलोमीटर उंचीवरच्या डब्यात किती ऊब आहे हे घरी बसलेल्या माणसाला कळायचं. बॅटरी सुमारे तीन आठवडे टिकली. तेवढ्या काळात २८ देशांतल्या ५७०हून अधिक हौशी लोकांनी आपापल्या नोंदी पाठवल्या. ऐकणाऱ्यांनी ऐकून लिहून ठेवलं म्हणून ऑस्करचा इतिहास झाला. नाहीतर तो आकाशात पुटपुटत फिरला आणि जळून गेला, एवढंच उरलं असतं.

अशा ऐकण्यात किती ताकद असते, हे इंग्लंडमधल्या केटरिंग गावच्या एका शाळेने दाखवलं. तिथले भौतिकशास्त्राचे शिक्षक जेफ्री पेरी आणि रसायनशास्त्राचे शिक्षक डेरेक स्लेटर मुलांना डॉप्लर परिणाम शिकवायला उपग्रहांचे आवाज वापरत. आगगाडी शिट्टी वाजवत जवळ येते तेव्हा आवाज तीव्र वाटतो आणि पुढे गेली की एकदम उतरतो. उपग्रहाच्या रेडिओलहरींचंही तसंच होतं. स्लेटर स्वतः हॅम होते, त्यामुळे रिसीव्हर होता. मुलं सोव्हिएत उपग्रहांच्या येण्याजाण्याच्या वेळा वहीत मांडू लागली. १९६६ साली काही कॉसमॉस उपग्रहांच्या वेळा जुन्या हिशेबात बसेनात. मार्ग उलटे काढत नेले तेव्हा ते उत्तर रशियातल्या प्लेसेत्स्कजवळ एकमेकांना छेदत होते. तिथे एक नवा प्रक्षेपणतळ होता आणि सोव्हिएत सरकारने त्याबद्दल चकार शब्द काढलेला नव्हता. सरकारी कबुली यायला १९८३ साल उजाडलं. शाळेच्या वहीने ती सतरा वर्षं आधीच लिहून ठेवली होती.

केटरिंगच्या मुलांनी ऐकलं ते त्यांच्यासाठी नव्हतंच. युओसॅट-१ मात्र मुद्दाम अशा ऐकणाऱ्यांसाठीच बनवला गेला. मार्टिन स्वीटिंग हा सरे विद्यापीठातला तरुण संशोधक स्वतः हॅम होता. उपग्रह बनवायचा तर प्रत्येक भाग अवकाशासाठी खास घडवलेला आणि अफाट महाग असला पाहिजे, अशी त्या काळची समजूत. स्वीटिंग आणि त्याच्या छोट्या चमूने बाजारात मिळणारे मायक्रोप्रोसेसर घेतले. नासाने दुसऱ्या एका उपग्रहासोबत त्याला फुकट जागा दिली.

उपग्रहाचं वजन पन्नास किलोंच्या आसपास होतं. मला त्याच्या वजनापेक्षा त्याची भाषा महत्त्वाची वाटते. तो १४५.८२५ मेगाहर्ट्झवर साध्या एफएम पद्धतीने माहिती पाठवायचा. हॅम लोकांकडे या पट्ट्यातले रिसीव्हर होतेच. आवाज कॅसेटवर टेपून घ्यायचा आणि घरच्या किंवा शाळेच्या छोट्या संगणकाला द्यायचा, की पडद्यावर आकडे उमटत : बॅटरी किती, तापमान किती. त्यात आवाज जुळवणारं एक यंत्रही होतं, ते मोजके इंग्रजी शब्द बोलून माहिती सांगू शके. संगणक नसलेल्या वर्गालाही काही मिळावं, हा विचार त्यामागे दिसतो. भाषाशिक्षक म्हणून मला याचं अप्रूप वाटतं. ज्याला शिकवायचं त्याच्या बोलीत बोलायचं, हे बीएडला आम्ही परीक्षेपुरतं लिहिलं होतं.

मग एप्रिल १९८२ आला. आज्ञांमधल्या एका चुकीमुळे उपग्रहाचे दोन मुख्य ट्रान्समीटर एकाच वेळी सुरू झाले. जमिनीवरून आज्ञा ऐकणारे त्याचे रिसीव्हर त्याच पट्ट्यांत होते. स्वतःच्याच आवाजाने त्याचे कान बधिर झाले. पृथ्वीवर तो सगळ्यांना ऐकू येत होता, त्याला मात्र कुणाचंच ऐकू येत नव्हतं. 'ट्रान्समीटर बंद कर' ही साधी आज्ञाही पोचेना. विज्ञानाच्या सरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "म्हणजे माझ्यासारखाच. बोलत राहिलो की मलाही मुलांचं ऐकू येत नाही." ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

साडेपाच महिने असेच गेले. उपाय एकच होता : त्याच्या गोंगाटावर मात करील इतक्या जोरात ओरडायचं. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या टेकड्यांवर १५० फूट व्यासाची एक प्रचंड डिश अँटेना आहे. तिथल्या हौशी रेडिओचालकांनी ती या कामाला जुंपली आणि सप्टेंबर १९८२ मध्ये आज्ञा पोचली. उपग्रह शांत झाला आणि पुन्हा ऐकू लागला. पुढे १३ ऑक्टोबर १९८९ रोजी वातावरणात शिरून जळेपर्यंत तो काम करत राहिला.

तोवर त्याचा धाकटा भाऊ युओसॅट-२ वर गेलेला होता. १९८८ साली १३ सोव्हिएत व कॅनडियन माणसं स्कीवरून उत्तर ध्रुव ओलांडून कॅनडाला निघाली. त्यांचा ठावठिकाणा हा उपग्रह रोज बोलून सांगायचा आणि देशोदेशींची शाळकरी मुलं तो ऐकून नकाशावर टिंब द्यायची. ९१ दिवसांचा तो प्रवास होता. भूगोलाचा असा धडा मी तरी कधी शिकलो नाही.

ही परंपरा आपल्याकडेही आली. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ सोबत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' गेला. वजन ९९० ग्रॅम, म्हणजे किलोभर साखरेपेक्षाही कमी. हॅम मंडळींना त्याच्यामार्फत एकमेकांना निरोप पाठवता यावेत हा हेतू. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईचा 'प्रथम' गेला. त्याच्या योजनेतच एक गोष्ट होती : इतर महाविद्यालयांनी आपापली ग्राउंड स्टेशनं उभारावीत आणि संदेश टिपावेत. उपग्रह एकाने बनवायचा, ऐकायचा मात्र अनेकांनी.

भित्तिपत्रक लागलं. तेवढ्यावर भागलं असतं, पण सातवीच्या एका मुलीने विचारलं, "सर, हमको भी सुनने मिलेगा क्या?" गावातले एक परवानाधारक हॅम शनिवारी सकाळी शाळेच्या गच्चीवर आले. हातात प्लॅस्टिकच्या नळीवर मोजपट्टीच्या पोलादी पात्याचे तुकडे बसवलेला अँटेना. युओसॅट-१ आता नाही, पण त्याच १४५.८२५ मेगाहर्ट्झवर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातलं हौशी रेडिओकेंद्र संदेशांची देवाणघेवाण करतं. बोलायला परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो, हे त्यांनी आधीच बजावलं. आम्हाला फक्त ऐकायचं होतं.

पहिल्या फेरीला काहीच आलं नाही. दीड तासाने दुसरी फेरी. वीसेक मुलं, आणि मी एकदाही 'ऐका' म्हटलं नाही तरी गच्चीवर कुणाचा श्वास ऐकू येईल अशी शांतता. मग रिसीव्हरमधून दोनदा 'खर्र' आलं, थोड्या वेळाने पुन्हा एकदा. बस्, एवढंच. त्या मुलीने वहीत वेळ लिहिली. शेजारच्या मुलाने लिहिलेली वेळ तीन मिनिटं मागे होती. कुणाचं घड्याळ बरोबर यावर दोघांचं चांगलंच जुंपलं.

एरवी मी त्यांना गप्प केलं असतं. त्या दिवशी दोघांच्या वेळा फळ्यावर लिहिल्या आणि म्हणालो, आता ठरवायचं कसं ते तुम्हीच सांगा. आमची मुलं धरून चालतात की माहिती दूर कुठेतरी तयार होते, आणि ती आपल्याकडे फक्त पाठ करायला येते. त्या वहीतली नोंद मात्र त्यांची स्वतःची आहे. चुकली असली तरी त्यांचीच आहे, आणि तपासून पाहता येण्याजोगी आहे. केटरिंगची वहीही अशीच सुरू झाली असणार.

आमची वही विज्ञानाच्या कपाटात आहे. कपाटाला कुलूप असतं. किल्ली आता त्या मुलीकडे ठेवावी, असं मी मुख्याध्यापकांना सुचवलं आहे.