जलमग्न गुहांतील अरुंद मार्ग

पाण्याने भरलेल्या गुहेतील ज्या भागातून दोन पाणबुडे शेजारी-शेजारी जाऊ शकत नाहीत, असा मार्ग. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्य आणि मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्प येथील चुनखडीच्या गुहांत असे मार्ग आढळतात. वर छत असल्याने संकटात थेट पृष्ठभाग गाठता येत नाही.

मुख्य धोका गाळाचा असतो. पायातील फिनच्या एका फटकाऱ्याने बारीक गाळ उसळतो आणि स्वतःचा हातही दिसेनासा होतो. अशा वेळी प्रवेशद्वारापासून अखंड नेलेली दोरी बोटांच्या कड्यात ठेवून, चाचपडत परतावे लागते. दोरी सरकून माणूस मावणार नाही अशा फटीत गेली, तर परतीची वाट बंद होते. म्हणून ती वळणांवर पक्की बांधतात.

टाक्या पाठीऐवजी दोन्ही कुशींना लावल्यास पोहताना लागणारी उभी जागा कमी होते. अरुंद जागी एका वेळी एकानेच जावे. हवेचा एक तृतीयांश भाग जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि उरलेला संकटासाठी राखतात. अरुंद मार्गात राखीव साठा अधिक ठेवणे हिताचे. अमेरिकन पाणबुडे शेक एक्सली यांनी 1979 च्या पुस्तकात अपघातांच्या अभ्यासातून असे नियम मांडले.

गुहांतील लवणस्तंभ हवेतच, म्हणजे गुहा कोरडी असतानाच वाढतात. पाण्याखाली मोडलेला स्तंभ पुन्हा घडत नाही. त्यामुळे स्पर्श टाळणे हेही पाणबुड्याचे कर्तव्य ठरते. खुल्या समुद्रातील अनुभव येथे पुरेसा नाही. गुहेचे स्वतंत्र प्रशिक्षण अनिवार्य मानावे.